ओटीपी येईपर्यंत

पदवी प्रवेशाच्या दिवसांत हैदराबादच्या काचीगुड्यातल्या एका कॉलेजचं मदत केंद्र उघडण्याआधीच रांग जिन्यापर्यंत जाते. तेलंगणात २०१६पासून पदवीचे प्रवेश ‘दोस्त’ या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. अर्ज एकच, त्यात पसंतीक्रमानं कॉलेजं भरायची आणि यादीत नाव लागलं की जागा पक्की करायची.

खिडकीपाशी काम इतकं सरळ चालत नाही. नांदेडकडच्या एका मुलीचं आधार वडिलांच्या मोबाईलला जोडलेलं. ओटीपी गेला गावी आणि वडील शेतात.

“घाबरू नकोस बाळ, आधी बाबांना फोन लाव,” खिडकीतल्या मराठी ताई म्हणाल्या.

ओटीपी आला, मग गुणपत्रिका. महाराष्ट्राची बारावी ६०० गुणांची, इथली इंटरमीजिएट १,००० गुणांची. ताईंनी एकेका विषयावर बोट ठेवून आकडे ताडून पाहिले. एका ठिकाणी शंका आली, तशा त्या प्राचार्यांकडे गेल्या. त्यांनी कागद पाहिला, विद्यापीठात फोन लावला आणि तिथल्या तिथे निर्णय सांगून टाकला. मुलीला दुसऱ्या दिवशी हेलपाटा पडला नाही.

ही तयारी आधीची आहे. प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्राचार्यांनी ऑफिसातल्या लोकांकडून सरावाचे अर्ज भरून घेतले, स्वतः शेजारी बसले. ताईंकडची फीची खिडकी दुसऱ्याकडे दिली. जुन्या कामावर नवं काम लादलं असतं, तर दोन्ही रखडली असती.

अशी तयारी या शहराला नवी नाही. इथेच १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्यासाठी स्थापन झालं. उर्दूत पाठ्यपुस्तकं पुरेशी नव्हती. म्हणून नुसत्या फर्मानावर न थांबता ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतर खातं उभारलं, तिथे विद्वान नेमले आणि शास्त्रांच्या परिभाषा घडवून घेतल्या. वर्गात शिकवणाऱ्याच्या हाती पुस्तक असावं, याची जबाबदारी राज्यकर्त्यांनी स्वतःकडे घेतली होती.

आज कॉलेजांत संगणक, सॉफ्टवेअर, हजेरीची यंत्रं मंजूर होतात. ती हाताळणाऱ्यांना शिकायला वेळ, बदली माणूस आणि निर्णयाची मुभा हेही त्याच मंजुरीत लिहिलेलं असायला हवं. ते नसेल, तर यंत्राच्या अडचणी अखेर विद्यार्थ्यालाच सोसाव्या लागतात, आणि पहिल्यांदाच शहरात आलेल्या मुलीला त्या सर्वांत महाग पडतात.