तोंडातली बुरशी आणि ओठातली सिगारेट

भाकरीबरोबर ठेचा खाल्ला की जीभ पेटते, चहाचा पहिला घोट सोसत नाही, तोंडाला चव उरलेली नाही. रहिमतपूरसारख्या बाजाराच्या गावात दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या पन्नाशी-साठीतल्या माणसाची ही नेहमीची तक्रार. तिथवर पोहोचण्याआधी घरचे उपाय होऊन गेलेले असतात. ‘उष्णता वाढली’ म्हणून सब्जा, गुलकंद, ताक. मग मेडिकलमधून मागून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. शर्टाच्या खिशात सिगारेटचे पाकीट असते. तोंड येण्याशी त्याचा काही संबंध असेल, हे मात्र मनातही येत नाही.

सिगारेट म्हटले की लोकांना फुप्फुस आठवते, फार तर हृदय. पण प्रत्येक झुरका आधी तोंडातून जातो. जीभ, टाळू आणि गालाची आतली त्वचा यांना तो धूर सगळ्यात ताजा, सगळ्यात गरम मिळतो.

ही आग बऱ्याचदा कॅन्डिडा नावाच्या बुरशीची असते. ती यीस्टच्या जातीची, म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टची लांबची नातलग. साधारण निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती असतेच आणि कसलाही त्रास देत नाही. लाळ तिला धुऊन काढते, तोंडातले जिवाणू तिला जागा मिळू देत नाहीत आणि शरीराचे पहारेकरी तिच्यावर नजर ठेवतात. तोवर ती गोल पेशीच्या रूपात गपगुमान राहते. पहारा सैल पडला की तिला लांब तंतू फुटतात आणि ते त्वचेत घुसतात. लहान बाळांच्या तोंडात दिसणारे पांढरे ठिपके हे याच बुरशीचे काम.

धुराने हा पहारा एकाच वेळी अनेक ठिकाणी सैल पडतो. लाळेत आयजीए नावाचे संरक्षक प्रथिन असते, त्याचे प्रमाण धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कमी आढळले आहे. बुरशी गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशींची ताकदही घटते. धुराच्या सततच्या उष्णतेने तोंडातली मऊ त्वचा जाड होते. कुदळ मारून तळहाताला घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. या खरबरीत थरावर बुरशीला चांगले बस्तान बसवता येते. प्रयोगशाळेत सिगारेटच्या धुराचा अर्क मिसळल्यावर कॅन्डिडा अधिक जोमाने वाढते आणि पृष्ठभागाला अधिक घट्ट चिकटते, असेही दिसले आहे. धूम्रपान करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात बुरशी जास्तच सापडते का, यावर मात्र सगळ्या अभ्यासांचा कौल सारखा नाही. पण बुरशीचे काही ठरावीक आजार सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांतच जास्त दिसतात, याबद्दल फारसा वाद नाही.

त्यातला एक आरशात पाहूनही ओळखता येतो. जिभेच्या मधोमध, थोडा मागच्या बाजूला, शंकरपाळ्याच्या आकाराचा लाल, गुळगुळीत डाग. कधी जीभ जिथे टेकते तिथे टाळूवरही त्याचा जोडीदार उमटलेला असतो. तो बहुधा दुखत नाही, म्हणून कुणी दाखवायलाही येत नाही. दुसरा प्रकार कवळी वापरणाऱ्यांचा. वरच्या कवळीखाली, तिच्या बरोबर मापाचा टाळूचा भाग लालभडक झालेला असतो. कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवायची आणि वर सिगारेट ओढायची, ही जोडी बुरशीच्या फार सोयीची. अशा वेळी औषध नुसते टाळूला लावून भागत नाही, कारण बुरशी कवळीच्या प्लास्टिकमध्येही मुक्काम करून असते. कवळी रात्री काढावी, ब्रशने घासावी आणि स्वच्छ पाण्यात ठेवावी.

दम्याचा किंवा सिगारेटमुळेच जडलेल्या धापेचा पंप वापरणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. पंपातल्या स्टिरॉइडचा काही अंश तोंडातच राहतो आणि तिथली प्रतिकारशक्ती दाबतो. उपाय अगदी साधा आहे. पंप ओढला की खळखळून चूळ भरायची आणि ते पाणी थुंकायचे. पंप बंद करणे हा उपाय नव्हे. मधुमेह आटोक्यात नसेल तर लाळेतली साखरही बुरशीच्या पथ्यावर पडते. आणि तरुण माणसाच्या तोंडात काही कारण नसताना ही बुरशी माजली असेल, तर रक्तातली साखर आणि एचआयव्ही या दोन्ही तपासण्या करायला हव्यात, त्यात संकोच नको.

बुरशीवर औषधे चांगली आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघींनी शेतातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून निस्टॅटिन शोधले आणि 1950 मध्ये ते जाहीर केले. न्यूयॉर्क स्टेटवरूनच त्याला हे नाव मिळाले. आज क्लोट्रिमॅझोलचे तोंडाला लावायचे औषध मेडिकलमध्ये सहज मिळते. फ्लुकोनॅझोलची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर साखर अचानक उतरू शकते आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो. आणखी एक चूक सर्रास होते. ‘तोंड आले’ म्हणून मेडिकलवाल्याने दिलेले स्टिरॉइडचे मलम बुरशीच्या जागी लावले जाते. दोन दिवस आग कमी होते आणि बुरशी मात्र पसरते.

खरी अडचण पुढे येते. औषधाने आठ-पंधरा दिवसांत तोंड साफ होते, सिगारेट चालूच राहते आणि महिना-दोन महिन्यांत तक्रार परत उभी. पुन्हा तेच औषध, पुन्हा तेच चक्र. यात पैसे जातात, पण त्याहून मोठे नुकसान असे की ‘ती आपली नेहमीची बुरशी’ म्हणून एका निराळ्या चट्ट्याकडे दुर्लक्ष होते.

साधी बुरशी कापसाच्या बोळ्याने पुसली की निघते, खाली लाल जागा दिसते. पण ओठांच्या कोपऱ्याच्या लगेच आत, गालाच्या आतल्या बाजूला, एक जाड पांढरा चट्टा असतो तो पुसून निघत नाही. त्यातही बुरशीचे तंतू सापडतात. हा प्रकार जवळजवळ सगळा तंबाखू ओढणाऱ्यांत दिसतो आणि त्यातल्या काही चट्ट्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. बुरशीमुळे चट्टा आला की चट्ट्यावर बुरशी बसली, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. कॅन्डिडा दारूतल्या अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड हे घातक रसायन तयार करते एवढे नक्की. त्यामुळे सिगारेटच्या जोडीला दारू असेल तर धोका आणखी वाढतो. अशा चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासावाच लागतो. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ या भीतीने लोक महिनोन्‌महिने घालवतात. ती भीती खोटी आहे. तोंडातला कुठलाही चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायला जावे, साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे. बुरशीचा इलाज आणि सिगारेट बंद, या दोन्हींनी काही चट्टे पूर्ण विरतात.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपानाचे प्रमाण 3.8 टक्के निघाले, देशात ते 10.7 टक्के होते. म्हणून पाठ थोपटून घ्यायला नको. त्याच सर्वेक्षणात राज्यातले सुमारे 24 टक्के प्रौढ तंबाखू, गुटखा, मिश्री अशा बिनधुराच्या तंबाखूचे सेवन करणारे आढळले. सिगारेट सोडून तळहातावर तंबाखू मळायला घेणारे पुष्कळ आहेत. तोंडाच्या दृष्टीने हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार. बिडी ‘साधी’ म्हणून निवडणाऱ्यांनाही काही सवलत नाही. ती विझू नये म्हणून झुरके उलट अधिक मारावे लागतात.

सोडायचे ठरवलेल्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, नाहीतर घात होतो. सिगारेट सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत अनेकांच्या तोंडात लहान, दुखरे फोड येतात. ‘ओढत होतो तोवर बरे होते, सोडली आणि तोंड आले,’ असा निष्कर्ष काढून माणूस परत टपरीवर उभा राहतो. धुराने जाड झालेली त्वचा पातळ होत मूळ पदावर येत असते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. हे फोड बुरशीचे नसतात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, थोडे दिवस ठेचा बाजूला ठेवावा. बहुतेकांचे महिन्याभरात थांबतात. तलफ आवरत नसेल तर निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या किंवा पट्ट्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो.