शब्द कोणाचे? – आर्मेनियन नाटककार आणि पटकथाकारांची गोष्ट

'यान' म्हटलं की आपल्याला अवकाशयान आठवतं. पण एखाद्या परदेशी आडनावाच्या शेवटी 'यान' दिसलं तर समजावं, माणूस बहुतेक आर्मेनियन! 'यान' म्हणजे 'अमक्याच्या घराण्यातला'. संगीतकार खाचातुर्यान, लेखक सारोयान, 'शिंडलर्स लिस्ट'च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवणारा अमेरिकन स्टीव्हन झेलियन... सगळे मूळचे याच लोकांतले.

लोकसंख्येच्या मानाने या लोकांनी नाटक-सिनेमाला दिलेले लेखक खूप आहेत. त्यांची करिअर्स वाचताना दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. नाटक लिहून पोट भरतं का? आणि सिनेमासाठी लिहिलं तर शब्द आपले राहतात का? गॅदरिंगसाठी एखादी एकांकिका लिहून मग ती तालमीत दुसऱ्यांच्या हाती बदलताना ज्यांनी बघितली आहे, त्यांना दुसरा प्रश्न वेगळा समजवायला नको!

दिवसा ऑफिस, रात्री नाटक

एकोणिसाव्या शतकात आर्मेनियन लोकांना स्वतःचा देश नव्हता. काही रशियन साम्राज्यात, काही तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात विखुरलेले. आजची राजधानी येरेवान तेव्हा छोटंसं शहर होतं. त्यामुळे आर्मेनियन नाटक वाढलं ते इतरांच्या शहरांत. एक तिफ्लिस, म्हणजे आजच्या जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी, आणि दुसरं इस्तंबूल.

तिफ्लिसमध्ये गाब्रिएल सुंदुक्यान (१८२५–१९१२) होता. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात शिकला आणि परत येऊन सरकारी नोकरीला लागला. नाटक हा त्याचा धंदा नव्हताच, कारण त्यात धंदा होण्याइतका पैसाच नव्हता! पण त्याने एक धाडस केलं. पुस्तकी भाषा बाजूला ठेवली आणि तिफ्लिसच्या बाजारात, गल्लीबोळांत ऐकू येणारी बोली थेट रंगमंचावर आणली. १८७१ मध्ये त्याचं 'पेपो' रंगमंचावर आलं. पेपो हा गरीब कोळी. त्याच्या वडिलांचे पैसे झिमझिमोव्ह नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याकडे अडकलेले. बहिणीच्या लग्नात हुंडा द्यायचा आहे, पण पैशांची चिठ्ठी हरवली आहे. व्यापारी सरळ कानावर हात ठेवतो. पुढे चिठ्ठी सापडते आणि हाच माणूस गुपचूप पैसे देऊन प्रकरण मिटवायला बघतो. पण पेपोला आता पैसे नकोत, सगळ्यांसमोर त्याचं पितळ उघडं पाडायचं आहे!

इस्तंबूलमध्ये हाकोब पारोन्यान (१८४३–१८९१) होता. समाजातल्या ढोंगी प्रतिष्ठितांची टर उडवणं हे त्याचं काम. तो विनोदी नियतकालिकं चालवायचा आणि सेन्सॉर ती बंद पाडायचं. वयाच्या पन्नाशीच्या आत तो क्षयाने गेला, तेव्हा हातात पैसा नव्हता.

आज येरेवानमधलं राष्ट्रीय नाट्यगृह सुंदुक्यानच्या नावाने आहे आणि संगीत-विनोदी नाटकांचं थिएटर पारोन्यानच्या. जिवंतपणी पगार नाही, मेल्यावर मात्र इमारत! पण एक गोष्ट लक्षात घ्या. लिहिलेला शब्द दोघांच्याही नावावरच राहिला.

रंगमंचावरून पडद्यावर

१९२० च्या शेवटी आर्मेनियात सोव्हिएत राजवट आली. १९२२ मध्ये येरेवानला सरकारी नाट्यगृह सुरू झालं, त्याचा पडदा उघडला तो 'पेपो'नेच. १९२३ मध्ये सरकारी सिनेमा संस्थाही निघाली. पण सिनेमासाठी लिहिणारे आणायचे कुठून? मग सगळ्यांचं लक्ष साहजिकच आधीच्या कथा-नाटकांकडे गेलं.

आर्मेनियाचा पहिला कथापट 'नामूस' (१९२५) असाच तयार झाला. मूळ लेखक अलेक्सांद्र शिर्वानजादे. (हे टोपणनाव आहे. खरं आडनाव मोव्हसिस्यान, म्हणजे 'यान' आहेच!) तरुणपणी बाकू या तेलाच्या शहरात त्याने कारकुनी केली होती. 'नामूस' म्हणजे अब्रू. लहानपणीच लग्न ठरलेली दोन मुलं, त्यांची चोरून झालेली भेट आणि घराण्याच्या अब्रूपायी त्यांचा झालेला नाश, अशी ही गोष्ट. शिर्वानजादेने ती आधी कादंबरी म्हणून लिहिली, नंतर तिचं नाटक केलं आणि शेवटी ती पडद्यावर गेली. एकच गोष्ट, तीन माध्यमं!

पण गंमत बघा, हा मूकपट होता. नाटककाराचं मुख्य हत्यार म्हणजे संवाद, आणि नेमके तेच गेले. उरलं फक्त कथानक, चेहरे आणि मधूनमधून पाट्या.

दहा वर्षांनी चित्र बदललं. 'नामूस'चाच दिग्दर्शक हामो बेकनाझार्यान याने १९३५ मध्ये 'पेपो'वर सिनेमा केला. तो आर्मेनियाचा पहिला बोलपट. संगीत आराम खाचातुर्यानचं, त्याचं सिनेमातलं पहिलंच काम. सुंदुक्यानला जाऊन तोपर्यंत २३ वर्षं झाली होती. नाटकाच्या तिकिटासाठी तिफ्लिसला जाऊ न शकणाऱ्या माणसांनी पेपो आता आपल्या गावात बघितला आणि ऐकलासुद्धा. मूकपटाने जे हिरावून घेतलं होतं ते बोलपटाने परत दिलं, असं म्हणायला हरकत नाही.

मॉस्कोचा शिक्का

सोव्हिएत काळात लेखकाला एक मोठा फायदा झाला. स्टुडिओ सरकारी, त्यामुळे पटकथेचे ठरलेले पैसे मिळत. मॉस्कोत पटकथा लेखनाचे खास कोर्स होते. पण किंमतही होती. पटकथा आधी स्टुडिओच्या संपादक मंडळाकडे जायची, मग मॉस्कोतल्या सिनेमा खात्याकडे. प्रत्येक टेबलावर कोणीतरी लाल पेन घेऊन बसलेला! आपली फाईल सबमिशनला किती वेळा परत येते ते आठवा, म्हणजे कल्पना येईल.

ह्रांत मातेवोस्यान या सगळ्यातून गेला. लोरी भागातल्या आह्निद्झोर या डोंगराळ खेड्यात १९३५ मध्ये त्याचा जन्म झाला. येरेवानला आल्यावर छापखान्यात अक्षरं जुळवायचं काम केलं. १९६१ मध्ये त्याने आपल्या गावाबद्दल खरंखुरं लिहिलं, तर ते वरच्या लोकांना झोंबलं आणि त्याच्यावर टीकेची झोड उठली. तरी त्याने गाव सोडलं नाही, म्हणजे लेखनातलं गाव. १९६६ च्या सुमारास तो मॉस्कोच्या पटकथा कोर्सला गेला आणि १९६९ मध्ये 'आम्ही आणि आमचे डोंगर' हा सिनेमा आला. दिग्दर्शक हेन्रिक माल्यान.

गोष्ट इतकी साधी की विचारू नका. चार मेंढपाळ शेजाऱ्याच्या भरकटलेल्या मेंढ्या कापून खातात. गावातल्या गावात मिटणारं प्रकरण, पण तिथे पोलीस लेफ्टनंट येतो, कायदा येतो, जबाब येतात. कायद्याची भाषा आणि गावाची भाषा एकमेकांना कळतच नाहीत. आपण हसत राहतो आणि नंतर वाटतं, अरे, हे हसण्यासारखं होतं का? लाल पेनाला फारसं काही सापडू नये आणि तरी सगळं सांगून व्हावं, ही मातेवोस्यानची युक्ती.

नाव काढून टाकलेला सिनेमा

सेर्गेई पाराजानोव्हला असली युक्ती कधी जमली नाही, किंवा त्याला ती करायचीच नव्हती. हा तिफ्लिसचा आर्मेनियन. आधी रेल्वे इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेला होता (हो, आपलाच माणूस!), पण ते सोडून संगीत आणि मग सिनेमा. अठराव्या शतकातला कवी-गायक सायात नोव्हा याच्यावर त्याने पटकथा लिहिली आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी सिनेमा केला. त्यात संवाद जवळजवळ नाहीत. डाळिंबं, लोकर, पुस्तकं, रंग यांतूनच सगळं सांगितलं आहे. अधिकारी म्हणाले, हे कवीचं चरित्र नाही. श्रेयनामावली आणि प्रकरणांच्या शीर्षकांतून सायात नोव्हाचं नाव काढायला लावलं, सिनेमाचं नाव झालं 'डाळिंबांचा रंग'. नवी काव्यमय शीर्षकं कोणी लिहिली? मातेवोस्यानने! नंतर दुसऱ्या एका दिग्दर्शकाकडून सिनेमा पुन्हा कापून घेतला गेला.

१९७३ मध्ये पाराजानोव्हला अटक झाली. चार वर्षं तुरुंगात गेली. 'डाळिंबांचा रंग'नंतर त्याचा पुढचा मोठा सिनेमा यायला सुमारे १५ वर्षं लागली. मधल्या काळात तो पटकथा लिहीत होता, चित्रं आणि कोलाज करत होता. १९९० मध्ये तो गेला आणि त्याच्या कितीतरी पटकथा कागदावरच राहिल्या.

सारोयानची खेळी

आता समुद्रापलीकडे, अमेरिकेत. बित्लिस या गावाहून आलेल्या कुटुंबात विल्यम सारोयान (१९०८–१९८१) कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत जन्मला. वडील लवकर गेले, काही वर्षं अनाथाश्रमात काढली, मग तारा पोचवणारा पोऱ्या झाला. पुढे 'द टाइम ऑफ युवर लाइफ' या नाटकाला १९४० चं पुलित्झर पारितोषिक मिळालं, तर याने ते चक्क नाकारलं! व्यापाराने कलेला प्रमाणपत्र देऊ नये, असं त्याचं म्हणणं.

मग हॉलिवूडने बोलावलं. तिथे सरकार नव्हतं, पण स्टुडिओ होता. एमजीएम कंपनीसाठी त्याने 'द ह्यूमन कॉमेडी' लिहिलं. तार पोचवणाऱ्या एका पोराची युद्धकाळातली गोष्ट. दिग्दर्शन त्याला स्वतः करायचं होतं. स्टुडिओने ते दुसऱ्याला दिलं आणि पटकथेतही बदल केले. सारोयान काय करतो? त्याच गोष्टीची झटपट कादंबरी लिहून १९४३ मध्ये, सिनेमा येण्याच्या सुमारासच छापून टाकतो! सिनेमाला सर्वोत्कृष्ट मूळ कथेचं ऑस्कर मिळालं, तेही सारोयानच्याच नावावर. पण त्याच्या मनातली गोष्ट वाचायची तर कादंबरीच उघडावी लागते. मृत्यूनंतर त्याची अर्धी रक्षा फ्रेस्नोत ठेवली, अर्धी येरेवानला नेली.

मग उत्तर काय?

नाटकाने या लेखकांना भाकरी दिली नाही, पण शब्दाला हात लावला नाही. सिनेमाने पैसे आणि प्रेक्षक दिले, आणि बदल्यात शब्दांवरचा हक्क मागितला. मॉस्कोत तो सरकारने मागितला, हॉलिवूडमध्ये मालकाने. यातून सुटण्याचा प्रत्येकाचा मार्ग वेगळा. मातेवोस्यानने विनोदाआड लपवलं, पाराजानोव्हने किंमत मोजली, सारोयानने दुसरी प्रत काढली.

सिनेमा वाईट आणि नाटक चांगलं, असं मुळीच म्हणायचं नाही. 'पेपो' आज घराघरांत माहीत आहे तो सिनेमामुळेही. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या शॉर्टफिल्मसाठी किंवा एखाद्या सिरियलसाठी लिहायला लागलात, तर लिहिलेल्याची एक प्रत आपल्याकडे जशीच्या तशी ठेवा. झिमझिमोव्ह सगळीकडे असतात. पेपोची चिठ्ठी निदान सापडली तरी!