कुत्रीला विऊ द्यावे की ऑपरेशन करावे?

ढाणकीसारख्या गावात घराची राखण करायला कुत्रे लागते. शेतात रानडुकरांवर भुंकायलाही लागते. पण मादी पिल्लू सहसा कोणी घेत नाही. "ती विणार, मग पिलांचं काय करायचं?" असे म्हणतात. पुष्कळदा अशी पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडतात. यावर उपाय आहे. तो आपण समजून घेऊ.

माज आणि वीण

कुत्री सहा महिने ते वर्षाची झाली की माजावर येते. पुढे साधारण दर सहा महिन्यांनी येते. माज तीनेक आठवडे टिकतो. कुत्री फळली, तर सुमारे ६३ दिवसांनी विते.

बहुतेक कुत्र्या सुखरूप वितात. पण कधी पिल्लू अडते. कुत्री जोराने कळा देत असून अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आले नाही, तर डॉक्टरांना गाठावे. पिल्ले पीत असताना कधी तिच्या रक्तातले कॅल्शियम कमी होते. मग ती थरथरते, धापा टाकते, पाय ताठ होतात. तेव्हा उशीर केला तर ती दगावते.

न विताही धोका

"मग तिला बांधून ठेवू, झालं!" असे कोणी म्हणेल. पण तेवढ्याने भागत नाही. माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. वय वाढते तशी ही भीती वाढते. कुत्री खात नाही, पाणी फार पिते, ओकते, मलूल पडते. कधी घाण वास येणारा पू बाहेर येतो. कधी तो आतच साठतो, बाहेर काही दिसत नाही. हा दुखण्याचा प्रकार जीवघेणा आहे.

दुसरा धोका आचळांतल्या गाठींचा. त्यांतल्या पुष्कळ गाठी कॅन्सरच्या निघतात. भटक्या कुत्र्यांशी संग झाल्यास योनीतही गाठ होते. ती संगातून पसरते.

ऑपरेशनने काय होते?

ऑपरेशनात अंडाशय व गर्भाशय काढतात. मग माज नाही, वीण नाही, गर्भाशयातला पू नाही. पहिल्या माजाआधी ऑपरेशन केले तर आचळांच्या गाठींची भीती फार कमी होते. उशीर होईल तसा हा फायदा घटतो. "एकदा तरी विऊ द्यावी, तब्येत सुधारते," ही समजूत खोटी आहे.

ऑपरेशनलाही धोका आहे, तो लपवू नये. भूल द्यावी लागते. रक्त जाऊ शकते, जखम चिघळू शकते. पुढे कुत्री लठ्ठ होते. म्हणून भाकर थोडी कमी घालावी. काहींना पुढे नकळत लघवी होते. मोठ्या जातीच्या कुत्रीचे वय डॉक्टरांना विचारून ठरवावे. माजावर असताना ऑपरेशन टाळावे. टाके दहा-चौदा दिवस चाटू देऊ नयेत.

कोठे जावे?

आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. नागपूरला १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत पूर्वी महापालिका भटकी कुत्री मारीत असे. १९९४ पासून तिने नसबंदीची वाट धरली. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पाळीव कुत्र्याची लस व नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे.

एक मात्र विसरू नका. नसबंदीने पिसाळणे थांबत नाही. त्यासाठी लस वेगळी टोचून घ्यावीच लागते.

तेव्हा मादी पिल्लू दिसले तर टाकू नका. तीही राखण तितकीच चांगली करते. वेळेवर ऑपरेशन करा, म्हणजे पोत्यात घालायला पिल्लेच उरणार नाहीत.