पाथरीच्या कुलकर्ण्यांचा रौजा

जानेवारी २०२० मध्ये पाथरीचे नाव महाराष्ट्रभर गाजले ते साईबाबांच्या जन्मस्थानावरून. सरकारने पाथरीच्या विकासाची घोषणा केली, शिर्डीकरांनी बंद पुकारला आणि वाहिन्यांवर वाद रंगले. परभणी जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावावरून भांडण होण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. पाचशे वर्षांपूर्वी अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही याच पाथरीसाठी फौजा घेऊन एकमेकांना भिडल्या होत्या. कारणही जवळपास तेच होते. पूर्वजांचे गाव!

फरिश्ता या इतिहासकाराने ही हकिगत लिहून ठेवली आहे. तो स्वतः काही काळ निजामशाहीच्या चाकरीत होता, त्यामुळे त्याचा शब्द जवळच्या माणसाचा. पाथरीचे कुलकर्णपण ज्या ब्राह्मण घराण्याकडे होते, त्यातला एक जण विजयनगरच्या मुलखात गेलेला होता. त्याच्या मुलाला अहमदशाह बहमनीच्या फौजेने पकडून आणले. मुलगा मुसलमान झाला, त्याचे नाव हसन ठेवले गेले आणि शहाजाद्याच्या बरोबरीने त्याचे शिक्षण झाले. हाच पुढे मलिक हसन निजाम-उल-मुल्क म्हणून बहमनी दरबारातला बलाढ्य सरदार ठरला. १४८६ मध्ये बीदरला त्याचा खून झाला. त्याचा मुलगा अहमद तेव्हा जुन्नरकडे होता. त्याने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला, स्वतंत्र राज्य थाटले आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ, सीना नदीच्या काठी, अहमदनगर वसवायला घेतले.

त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याला आजोबांचे गाव हवे होते. त्याने इमादशहाला पाथरीच्या बदल्यात दुसरा परगणा देऊ केला; इमादशहाने नकार दिला आणि उलट तटबंदी पक्की केली. १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी घेतली, नंतर ती हातची गेली, १५२७ च्या सुमारास पुन्हा घेतली. आणि मग, फरिश्ता सांगतो, किल्ला पाडून टाकून तो मुलूख आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे होता. गंमत अशी की इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेलाच होता.

या घराण्याचा दगडातला पुरावा मात्र पाथरीत शोधून भागत नाही. त्यासाठी नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, गाठावे लागते. शहराच्या पश्चिमेला सीनेजवळ बागरौजा आहे. १५१० च्या सुमारास वारलेल्या अहमद निजामशहाची ही कबर. रौजा म्हणजे बागेतली समाधी. कुराणातल्या स्वर्गाच्या वर्णनात बाग येते, म्हणून इराणपासून दख्खनपर्यंत थोरामोठ्यांना बागेत पुरण्याची चाल पडली. भोवती आवार, मध्ये काळ्या दगडाची चौरस इमारत, वर घुमट आणि आत भिंतींवर कुराणातल्या आयतींची सुलेखनपट्टी. नव्या राज्याच्या पहिल्या राजाला शोभेल असा हा ऐवज आहे, पण अवाढव्य नाही. विजापूरचा गोलघुमट डोळ्यांसमोर ठेवून इथे येणाऱ्याला तो लहानच वाटेल.

अशा इमारतीत पाहण्याची खरी जागा म्हणजे वरचे कोपरे. चौरस खोलीवर गोल घुमट ठेवायचा तर चार कोपरे उघडे पडतात. गवंडी तिथे तिरप्या कमानी टाकतो. चौकोनाचा अष्टकोन होतो, अष्टकोनावर आणखी बारीक बाजू काढल्या की जवळजवळ वर्तुळ मिळते आणि त्यावर घुमटाचे कडे बसते. घुमटाचे वजन या कमानींवरून जाड भिंतींत उतरते. दख्खनचा काळा पाषाण या कामाला उत्तम, भार पेलायला खंबीर. पण नक्षीला तो हट्टी. म्हणून नाजूक वेलबुट्टी बहुधा चुन्याच्या गिलाव्यात काढलेली दिसते. अपवाद पाहायचा तर नगरचीच १५६७ ची दमडी मशीद पाहावी. तिथे पाषाणातच कोरीव कामाची कमाल केली आहे. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी दमडी दमडी देऊन ती उभी केली असे सांगतात.

कबर दक्षिणोत्तर असते, डोके उत्तरेला आणि चेहरा मक्केकडे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला. घुमटाखाली दिसते ती बऱ्याच ठिकाणी नुसती खूण असते. खरी कबर खाली तळघरात. बागरौज्याच्या आवारात एका हत्तीचेही थडगे दाखवतात. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत रामरायाला पकडणारा गुलाम अली तो हाच, अशी आख्यायिका आहे.

राजाची कबर आणि संताचा दर्गा यांच्या घडणीत फारसा फरक नसतो. फरक असतो तो वापरात. दर्ग्यात मुजावर असतो, चादर चढते, संदल निघतो, उरूस भरतो. राजाच्या कबरीला हे भाग्य क्वचितच, म्हणून सत्ताधारी संतांच्या शेजारी जागा धरत. खुलताबादला हे सर्वांत चांगले दिसते. बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांच्या दर्ग्याच्या आवारात हैदराबादचा पहिला निजाम आहे, जैनुद्दीन शिराजींच्या आवारात औरंगजेब आणि जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याजवळ निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. खुद्द बुऱ्हाण निजामशहाने याहून लांबची जागा निवडली. शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने तो शिया झाला होता. त्याचे अवशेष पुढे करबलेला नेले गेले. पाथरीच्या कुलकर्ण्यांचा वंशज इराकच्या मातीत विसावला, ही गोष्ट कादंबरीकाराने रचली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता.

त्याच बुऱ्हाणने नगरला शिया पंथाच्या विद्येसाठी बारा इमाम कोठला उभारला. तिथल्या मोहरमच्या सवाऱ्या आजही निघतात आणि कत्तलच्या रात्री शहरातले हिंदूही मोठ्या संख्येने दर्शनाला येतात. नगरचाच शाह शरीफ यांचा दर्गा तर मराठ्यांच्या इतिहासात थेट शिरला आहे. निजामशाहीच्या चाकरीतले मालोजी भोसले यांनी इथे नवस बोलला आणि झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. शिवरायांच्या वडिलांच्या नावामागे हा दर्गा उभा आहे.

नगरला येणारे प्रवासी मात्र बागरौज्यापेक्षा शहराबाहेरच्या शाह डोंगरावर जास्त जातात. वरची तीन मजली अष्टकोनी इमारत चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जाते. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. भोवती मोठ्या कमानींच्या ओवऱ्या, आत घुमटाखालचे दालन आणि तळघरात थडगी. पावसाळ्यात तिथे सहलीची गर्दी उसळते, डबे उघडतात, फोटो निघतात; तळघराच्या पायऱ्या उतरून पाहणारे त्यांत थोडेच असतात.