नऊ एकांचा वर्ग

अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून आगगाडीनें मुंबईस जातांना नाशिकरोडच्या पुढें देवळाली आणि कल्याणच्या पुढें डोंबिवली हीं स्थानकें लागतात. दोहोंचाही एका मोठ्या संख्येशीं संबंध आहे, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

देवळालीच्या शाळेंत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे शिक्षक होते. डोंबिवली स्थानकावर त्यांस संख्यांच्या एका कुळाची कल्पना सुचली, म्हणून त्यांनीं त्या कुळास स्थानकावरून 'डेम्लो' असें नांव दिलें. त्यांतील आम्हांस सर्वांत मोहक वाटणारी संख्या ही: १२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा अंकी आहे. जुन्या गणतीप्रमाणें तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानीं पडतो, म्हणजे परार्धाच्या अवघें एक घर अलीकडे. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती सारखीच. परंतु ती कोणीं मुद्दाम जुळविलेली नाहीं. १११११११११ या संख्येस तिनेंच गुणिलें असतां हें उत्तर येतें.

याचा उलगडा नेहमींच्या उभ्या गुणाकारांतच आहे. प्रथम १११ ला १११ नें गुणून पाहावें. एकाखालीं एक तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आतां उभ्या रकान्यांतील एक मोजावे: १, २, ३, २, १. नऊ एक घेतले तर मधल्या रकान्यांत नऊ एक जमतात, आणि नवापर्यंत हातचा येत नाहीं. म्हणून मनोरा अखंड राहतो. दहा एक घेतां मधली बेरीज १० होते, हातचा शेजारीं जातो, आणि उत्तर येतें १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ कोठें गेला, हें शोधण्याचें काम आम्ही विद्यार्थ्यांवर सोपवितों.

मुलगा अशा आकडेमोडींत रमला कीं, याचा परीक्षेस काय उपयोग, असें पालक विचारतात. गुण मिळत नाहींत, हें खरेंच. कापरेकरांच्या कामासही कित्येक विद्वानांनीं पोरखेळ मानिलें. ते १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेंत शिकवीत राहिले व फावल्या वेळीं संख्या मांडीत राहिले. १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें त्यांचें नांव जगभर झालें. आमच्या मतें ही ओळख फार उशिरां झाली.

आतां पुन्हा आपल्या संख्येकडे वळूं. तिच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ नेंच तिला निःशेष भाग जातो. कारण १११११११११ ला ९ नें भाग जातो, तर तिच्या वर्गास ९ च्या वर्गानें जाणारच. आपल्याच अंकांच्या बेरजेनें भागल्या जाणाऱ्या संख्यांस कापरेकरांनीं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असें नांव ठेविलें. आणखी खोल गेल्यास तिचे मूळ अवयव तीनच निघतात: ३, ३७ आणि ३३३६६७. पहिला चार वेळां, दुसरे दोन प्रत्येकीं दोन वेळां. म्हणून तिला निःशेष भागणाऱ्या संख्या ५ × ३ × ३, म्हणजे ४५ आहेत. ८१ नें भागून पाहिल्यास १२३४५६७९ चा वर्ग हातीं येतो. आणि येथेंही आठ गैरहजरच!