उष्टावणानंतरचा दुसरा दिवस

जुन्नर-आंबेगांवकडील घरांतून उष्टावण हौसेनें होतें. मामा खिरीचें पहिलें बोट चाटवितो, सारें घर कौतुकानें पाहतें. धास्ती दुसऱ्या दिवशीं सुरू होते. मऊ भाताचा घांस जिभेवर पडतांच बाळ उबकतें, त्याच्या डोळ्यांत पाणी येतें, आणि आई घाबरून वाटी दूर सारते. मग ‘आणखी दोन महिने दूधच पाजा’ असा सल्ला माजघरांतून येतो. तो आम्हांस मान्य नाहीं. सहा महिने पुरे झाल्यावर आईचें दूध चालू ठेवावेंच. परंतु बाळाच्या वाढीस लागणारें लोह एकट्या दुधांतून पुरेसें मिळत नाहीं. उबकणें ही निसर्गाची राखण आहे. खोकणारें, आवाज करणारें बाळ घांस स्वतःच बाहेर ढकलतें. आवाज बंद पडून ओठ निळसर होऊं लागले, तर मात्र डॉक्टरांस बोलावणें धाडून बाळास लागलेंच हातावर पालथें, डोकें खालीं, असें धरावें व खांद्यांच्या मध्यें तळहातानें पांच थापा द्याव्या. तेवढ्यानें न भागल्यास उताणें करून छातीच्या मध्यावर पांच दाब. घरांतील प्रत्येकास, आजोबांसही, हें येत असावें.

वरणाच्या नुसत्या पाण्यावर बाळाची बोळवण करूं नये. चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाहीं इतका घांस दाट हवा. डोंगराकडील नाचणी व तांदूळ हाताशीं असतां डब्यांतील महाग पुडीची गरज आम्हांस दिसत नाहीं. मध मात्र, चाल कितीही जुनी असो, वर्ष पुरें होईपर्यंत नको; त्यांतील सूक्ष्म जंतूंचें बीज तान्ह्याच्या आंतड्यांत रुजून विष निर्माण करूं शकतें.