स्पॅनिश शिकवितांना

परभाषेच्या वर्गांत वर्षभर बसलेल्या विद्यार्थ्याला क्रियापदांचीं सर्व रूपें तोंडपाठ असतात. पण कोणीं त्या भाषेंत 'पाणी हवें का?' एवढें विचारलें, तर तो गप्प राहतो. स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे. ती शिकविणाऱ्या शिक्षकापुढचा खरा प्रश्न हाच, कीं हें मौन मोडावें कसें.

अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञानें १९६० च्या दशकांत एक रीत मांडली. लहान मूल बोलूं लागण्यापूर्वीं कित्येक महिने नुसतें ऐकतें आणि ऐकल्याप्रमाणें वागतें. प्रौढालाहि तीच सवलत द्यावी, हें तिचें मर्म. शिक्षक 'लेवांताते' म्हणतो आणि स्वतः उठतो, वर्ग उठतो. 'स्येंताते' म्हटलें कीं सर्व बसतात. 'आब्रे ला प्वेर्ता' म्हणतांच कोणीतरी दार उघडतो. भाषांतर नाहीं, वही नाहीं, बोलण्याची सक्तीहि नाहीं.

परंतु माणसें एकमेकांना केवळ हुकूम सोडीत नाहींत. ही उणीव त्याच राज्यांतील स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांनीं हेरली आणि आज्ञांच्या जोडीला गोष्ट आणली. ही गोष्ट शिक्षक सांगत नाहीं, विचारतो. मुलाजवळ मांजर आहे का? किती? कोणत्या रंगाचें? उत्तरें देतां देतां वर्गच गोष्ट रचतो, आणि 'जवळ आहे' या अर्थाचें 'त्येने' हें रूप कंटाळा न येतां पंधरा-वीस वेळां कानांवरून जातें.

मराठी विद्यार्थ्याला स्पॅनिश इंग्रजींतून शिकविल्यास विनाकारण वळसा पडतो. 'मे गुस्ता एल काफे' हें वाक्य इंग्रजींतून समजावूं गेलें, तर कर्ता-कर्माची मोठी उलथापालथ करावी लागते. मराठींत तें 'मला कॉफी आवडते' असें सहज उतरतें. आंबे अनेक झाले कीं आपण 'आवडतात' म्हणतों, स्पॅनिश मनुष्य 'गुस्तान' म्हणतो. तेथील 'तू' आणि 'उस्तेद' हा भेदहि आपल्याला परका नाहीं. 'उस्तेद' हें 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', याचें झिजलेलें रूप. म्हणून त्याचें क्रियापद तृतीय पुरुषीं चालतें. समोर उभ्या असलेल्या धन्याला 'सरकार कधीं आले?' असें विचारावें, त्यांतलाच हा प्रकार. उच्चाराचेंहि तसेंच. 'तोमाते' यांतील त आपल्या जिभेवर आयता आहे. इंग्रजीच्या संवयीनें मात्र आपण तेथें ट घालतों.

जेथें मराठी कामास येत नाहीं, तेथें शिक्षकाची कसोटी लागते. आपलें एकच 'असणें'. स्पॅनिशमध्यें 'सेर' आणि 'एस्तार' अशीं दोन क्रियापदें. कायमचें तें सेर, तात्पुरतें तें एस्तार, असा एक सोपा नियम सांगण्यांत येतो. तो सांगूंच नये, असें माझें मत आहे. मेलेल्या माणसाविषयीं 'एस्ता मुएर्तो' असें एस्तार वापरूनच बोलतात, आणि मृत्यूपेक्षां अधिक कायमचें दुसरें काय असणार? त्यापेक्षां मेजावर दोन सफरचंदें ठेवावीं; एक जातीनेंच हिरवें, दुसरें अजून कच्चें. पहिलें 'एस वेर्दे', दुसरें 'एस्ता वेर्दे'. वस्तु कशी आहे हें एक सांगतें, ती कोणत्या अवस्थेंत आहे हें दुसरें. कंटाळवाणा वक्ता 'एस आबुर्रिदो', आणि त्याचा कंटाळलेला श्रोता 'एस्ता आबुर्रिदो'. रेडिओवरील वक्त्यानें हें उदाहरण अधिक ताणूं नये हें बरें.

आतां चुकांविषयीं. दमलेला विद्यार्थी 'सोय कान्सादो' म्हणाला, तर तेथें 'एस्तोय' हवें होतें. शिक्षकानें त्याला अडवूं नये, 'एस्तास कान्सादो? पोर् के?' असें सहज विचारावें. योग्य क्रियापद कानीं पडतें, संभाषण तुटत नाहीं, आणि विद्यार्थी दमण्याचें कारण सांगूं लागतो. लेखी कामांत मात्र तांबडी शाई हात न आखडतां वापरावी. तेथें चार लोकांदेखत अडखळण्याची भीति नसते.